चूल राहू द्या, धूर घालवा

चामोर्शी तालुक्यातील एका शिक्षक वाचकाचे पत्र गेल्या आठवड्यात आले. ते लिहितात, 'माझ्या आईचे वय ६२. दरवर्षी दिवाळी झाली की तिचा दमा उसळतो. तिने आयुष्यात बिडी ओढलेली नाही, तरी डॉक्टर म्हणतात की फुफ्फुसे बिडी ओढणाऱ्यासारखी झाली आहेत. घरी गॅस आहे, पण तिची चूल सुटत नाही. घरात माझे दीड महिन्याचे बाळ आहे. आजी स्वयंपाक करते तेव्हा तेही चुलीजवळच असते. चूल फोडून टाकावी काय?'

गुरुजी, चूल फोडू नका. फोडलीत तर दुसऱ्या दिवशी सांदवाडीत तीन दगड मांडलेले दिसतील आणि आई महिनाभर तुमच्याशी बोलणार नाही. पण आपला प्रश्न एका घरचा नाही. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत ज्यांच्याकडे गॅस आहे, त्यांच्यापैकी कितीतरी घरी गॅसवर चहा होतो आणि भात, भाकरी, आंघोळीचे पाणी चुलीवरच होते. म्हणून 'चूल वाईट, गॅस चांगला' एवढे सांगून डॉक्टरची सुटका होत नाही. चूल राहणारच असेल तर ती कशी पेटवावी, कुठे ठेवावी आणि तिच्याजवळ कोणी बसू नये, हे सांगणे डॉक्टरचेच काम आहे. ते मी बरीच वर्षे केले नाही, हे आधी कबूल करतो.

बारा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. धानोऱ्याकडच्या एका गावातील पंचावन्न वर्षांच्या बाई माझ्याकडे खोकल्यासाठी येत. थुंकी दोनदा तपासली, क्षयाचे जंतू नव्हते. एक्स-रेमध्येही क्षय नव्हता. मी कधी खोकल्याचे औषध, कधी अँटिबायोटिक, कधी दम्याच्या गोळ्या देत राहिलो. असे दोन हिवाळे गेले. बिडी ओढता काय, हे मी विचारले होते. गुडाखू, खर्रा विचारला होता. चूल कुठे आहे, हे विचारले नव्हते. तिसऱ्या हिवाळ्यात त्याच गावात एका रुग्णाला पाहायला गेलो असता बाईंनी चहाला बोलावले. कमरेत वाकून आत शिरावे लागेल असे दार, खिडकी नाही, वरचे बांबू आणि कवेलू डांबर फासल्यासारखे काळे. पाच मिनिटांत माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि मी चहाचा कप घेऊन अंगणात आलो. बाई आतच बसून होत्या. हसून म्हणाल्या, "चूल फुकता फुकता जलम गेला जी, डाक्टर."

घरी येऊन मी हिशेब केला. बारा वर्षांची मुलगी चुलीपुढे बसते असे धरा. रोज चार तास, चाळीस वर्षे. हे अठ्ठावन्न हजारांहून अधिक तास होतात. म्हणजे साडेसहा वर्षे रात्रंदिवस त्या धुरात कोंडून ठेवल्यासारखे झाले. अशा बाईला बिडीची गरजच काय?

बिडी न ओढता बिडीचा रोग

हा शोध नवा नाही. दिल्लीच्या प्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शि. पद्मावती यांनी १९५०च्या दशकात एक गोष्ट टिपली होती. फुफ्फुसे खराब होऊन हृदयाची उजवी बाजू थकते, पायांवर सूज येते, ओठ निळे पडतात, असा एक विकार आहे. पाश्चात्त्य देशांत तो प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत दिसे. दिल्लीत मात्र तो धूम्रपान न करणाऱ्या बायकांतही सर्रास आढळत होता, आणि तोही कमी वयात. त्यांचा संशय स्वयंपाकघरातील धुरावर गेला. पुढे १९८०च्या सुमारास कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांसोबत गुजरातेतील खेड्यांत जाऊन, स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या श्वासात प्रत्यक्ष किती धूर जातो ते मोजले. तेव्हापासून या विषयाला जगभर वाट मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरगुती धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले.

लाकूड पूर्ण जळाले तर त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते, आणि मागे राख उरते. ते पूर्ण जळाले नाही की धूर होतो. या धुरात काजळीचे अतिशय सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि डोळ्यांना-घशाला झोंबणारी अनेक रसायने असतात. मोठी धूळ नाकात अडकते. हे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक असल्याने थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसभराच्या हवेत हे कण एका घनमीटरला सरासरी १५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावेत. कोंदट स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हा आकडा शेकड्यांत, कधी हजारांत जातो.

वर्षानुवर्षे हे कण आत गेले की श्वासनळ्यांना आतून सूज येते, चिकट बेडका वाढतो, बारीक नळ्या अरुंद होतात. आत गेलेली हवा बाहेर पडत नाही. लोक याला दमा म्हणतात, पण हा दमा नव्हे. खरा दमा येतो आणि जातो, मधल्या काळात माणूस ठणठणीत असू शकतो. हा रोग मुक्काम ठोकतो आणि दरवर्षी थोडा पुढे सरकतो. डॉक्टरी भाषेत त्याला सी.ओ.पी.डी. म्हणतात. नळीत जोराने फुंकून करायची स्पायरोमेट्री नावाची तपासणी केली की दोन्हींतील फरक कळतो. याशिवाय चुलीच्या धुरात बसणाऱ्या बायांना मोतीबिंदू लवकर होण्याचा संबंधही अनेक अभ्यासांत दिसला आहे. सिकलसेलचा रुग्ण घरात असेल, आणि आपल्या जिल्ह्यात तो पुष्कळ घरांत असतो, तर छातीचा संसर्ग त्याला फार महाग पडतो. त्याला धुरात बसवूच नये.

लहान बाळांचे काय? इथे मी थोडा सावधपणे बोलतो. धूर आणि बाळाचा न्यूमोनिया यांचा संबंध अनेक पाहण्यांत दिसला. परंतु धूर कमी केल्याबरोबर न्यूमोनिया कमी होतो काय, हे प्रत्यक्ष करून पाहिले तेव्हा उत्तर सरळ आले नाही. ग्वाटेमाला देशात धुराड्याच्या चुली देऊन पाहिले. त्याचा निष्कर्ष २०११ साली आला. एकूण न्यूमोनियात खात्रीने म्हणता येईल एवढी घट दिसली नाही, गंभीर न्यूमोनिया मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. त्यानंतर आपल्या तमिळनाडूसह चार देशांत सुमारे ३२०० गर्भवतींना घेऊन मोठा प्रयोग झाला. अर्ध्या जणींना गॅस फुकट दिला. धूर पुष्कळ घटला, पण बाळांचे जन्मवजन (२०२२चा निष्कर्ष) आणि पहिल्या वर्षातील गंभीर न्यूमोनिया (२०२४चा निष्कर्ष) यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. मग धुराचे भय खोटे काय? मी तसे म्हणणार नाही. चाळीस वर्षांच्या धुराचा हिशेब दीड वर्षाच्या प्रयोगात लागत नाही. पण चूल बाहेर काढली म्हणून बाळाला न्यूमोनिया होणारच नाही, असे समजून कोणी बेसावध राहू नये.

या बाबतीत आपला जिल्हा जगाला शिकवून बसला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील दाया आणि आरोग्यसेवकांना न्यूमोनिया ओळखून गावातच औषध देण्यास शिकवले. ५८ गावांत बालमृत्यू घटले आणि ते संशोधन १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. अक्षरओळख नसलेल्या दायांनाही श्वास मोजता यावा म्हणून मणी सरकवण्याचे एक साधे यंत्र त्यांनी बनवले होते. ते मोजमाप आपणही घरी करू शकता. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक श्वास असतील, अथवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर लगेच दवाखाना. विदर्भात यालाच काही ठिकाणी 'डब्बा' म्हणतात आणि पोटावर चटके देतात. चटक्याने न्यूमोनिया जात नाही, वर जखम मात्र होते.

धूर म्हणजे न जळलेले सरपण

आता चुलीकडे वळू. एक गोष्ट ध्यानात घेतली की पुढचे सगळे सोपे होते. धूर म्हणजे डोक्यावरून आणलेले, पण न जळता छपरातून निघून गेलेले सरपण होय. म्हणून ज्या युक्तीने धूर घटतो, तिने बहुधा जळतनही वाचते. आपल्या दोन जिल्ह्यांत जळतन वाचणे म्हणजे नुसती काटकसर नव्हे. ताडोबाच्या आसपास, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे, देसाईगंज-आरमोरीच्या जंगलात सरपणाला, मोहाला, तेंदूपानाला गेलेल्या बायांवर वाघाचे हल्ले झाल्याच्या बातम्या याच वर्तमानपत्रात आपण वाचतो. आठवड्याला चार मोळ्यांऐवजी तीन लागल्या तर जंगलातली एक फेरी टळली.

पहिली गोष्ट सुकेपणाची. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मे वजन पाण्याचे असते. म्हणजे वीस किलोची ओली मोळी आणणारी बाई दहा किलो पाणी डोक्यावरून वाहते. मग ते पाणी उकळून उडवण्यात जाळ खर्च होतो, चूल थंड पडते आणि धूर कोंडतो. लाकूड वाळले की नाही हे कसे ओळखावे? दोन काटक्या एकमेकींवर आपटल्या तर खणखण वाजल्या पाहिजेत. टोकाला भेगा दिसल्या पाहिजेत. जळताना दुसऱ्या टोकाला फेस येऊन सूं-सूं आवाज आला तर ते ओले आहे. पावसाळ्याचे सरपण उन्हाळ्यातच गोळा करून, चिरून, छपरीत जमिनीपासून वीतभर उंच रचून ठेवावे. आपल्याकडच्या जुन्या बाया हे करतातच, हल्ली मात्र ते सुटत चालले आहे. जाड ओंडका चुलीत सारण्यापेक्षा त्याच्या मनगटापेक्षा बारीक फाळ्या करा. बारीक लाकूड लवकर पेटते आणि पूर्ण जळते.

दुसरी गोष्ट हवेची. जाळाला जेवढी भूक लाकडाची, तेवढीच हवेची. पाच लाकडे एकदम कोंबली की हवेची वाट बंद होते. मग फुंकणी घेऊन फुंकावे लागते आणि प्रत्येक फुंकीनंतरचा खोल श्वास नेमका धुरातून घेतला जातो. दोन-तीन लाकडे, मध्ये थोडी फट ठेवून लावावीत. त्यांची फक्त टोके जळावीत, जळत जातील तशी पुढे सारावीत. रोज सकाळी राख काढावी. चुलीच्या तळाशी लोखंडी सळ्यांची छोटी जाळी दोन विटांवर ठेवली तर हवा खालून शिरते आणि जाळ लख्ख होतो. गावच्या लोहाराकडे ती सहज होते. एवढ्या एका जाळीने फुंकणी कोपऱ्यात पडलेली मी पाहिली आहे.

तिसरी गोष्ट भांड्याची. भांडे आणि चुलीची कड यांत साधारण बोटभर फट असावी. फट फार मोठी असेल तर ज्वाळा भांड्याच्या बाजूने वर चढतात आणि उष्णता हवेत जाते. फट अगदीच नसेल तर जाळ गुदमरतो. वैल असलेली चूल असेल तर वैलावर रिकामी जागा ठेवू नका, तिथे पाण्याचा गंज असू द्या. भातावर झाकण ठेवा. आधण आल्यावर जाळ वाढवला म्हणून भात लवकर शिजत नाही, कारण उकळते पाणी त्याहून तापत नाही, त्याची फक्त वाफ होते. उकळी आली की एक लाकूड मागे ओढा. डाळ रात्री भिजत घाला. कुकर असेल तर तो चुलीवरही चालतो, मात्र रबर आणि शिटी धड असली पाहिजे.

आपल्या धानाच्या मुलखात तणस मुबलक आहे. एका मोठ्या टोपलीत तणस दाबून भरा, मध्ये गंज बसेल एवढा खड्डा करा. भात दहा मिनिटे चांगला उकळला की झाकणासह गंज त्या खड्ड्यात ठेवून वरून जुनी गोधडी दाबून घाला. आतल्या उष्णतेवर उरलेला भात तासाभरात शिजतो. मात्र निखारा किंवा ठिणगी भांड्याच्या बुडाला चिकटून टोपलीत जाणार नाही, एवढे पाहावे. आणि भात तसाच दिवसभर कोमट ठेवू नये, नाहीतर तो नासतो.

स्वयंपाक झाला की लाकडे बाहेर ओढून राखेत किंवा वाळूत विझवा. ज्वाळेविना धुमसत राहिलेले लाकूड सर्वांत वाईट. त्याचा उपयोग शून्य आणि विष अधिक. चूल पेटवायला प्लॅस्टिकची पन्नी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे वापरू नका. त्याचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा अधिक घातक. बांबूची साल किंवा तुरीच्या काड्या पुरे. बिब्याचे लाकूड तर सरपणात येऊच देऊ नये. त्याच्या धुराने अंगावर फोड येतात, डोळे सुजतात.

बाजारात लोखंडी पत्र्याच्या सुधारित चुली मिळतात. काहींना छोटा पंखाही असतो. भारतीय मानक ब्युरोच्या २०१३च्या मानकानुसार साध्या सुधारित चुलीने लाकडातील किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीने ३५ टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोहोचवली पाहिजे. तीन दगडांच्या चुलीवर साधारण १० ते १५ टक्केच पोहोचते. अशी चूल घेताना मानक चिन्ह पाहा, आणि आपला गंज तिच्यावर डगमगत नाही ना, हेही पाहा. डगमगत असेल तर कितीही टक्केवारी असली तरी घेऊ नका.

धुराला वाट

चुलीसाठी सर्वांत उत्तम जागा म्हणजे तीन बाजूंनी मोकळी छपरी. चूल आतच ठेवावी लागत असेल तर तिच्या डोक्यावरचे दोन कवेलू उचलून फट करावी, पावसासाठी वर थोडे उंच पत्र्याचे टोपरे बसवावे. समोरच्या भिंतीत खाली हवा आत येण्याची आणि वर धूर जाण्याची, अशा दोन वाटा असाव्यात. शक्य तर चूल ओट्यावर घ्यावी. उभे राहून स्वयंपाक केला की तोंड थेट जाळापुढे राहत नाही, रांगते मूल चुलीपर्यंत पोहोचत नाही आणि पदर जाळावर लोंबत नाही.

वयस्कर वाचकांना पंचायत समितीच्या 'निर्धूर चुली' आठवत असतील. केंद्र सरकारचा तो कार्यक्रम १९८०च्या दशकात सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. मी सरकारी नोकरीत नवा होतो तेव्हा गावोगाव त्या पाहिल्या आहेत. पुष्कळ ठिकाणी दोन वर्षांत धुराडे काजळीने बुजलेले, पाइप वाकलेला आणि मागच्या भोकात चिंधी कोंबलेली दिसे. धूर पुन्हा तोंडावर. ओडिशातील सुमारे अडीच हजार घरांचा चार वर्षांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यातही हेच आढळले. धुराड्याच्या चुलींनी पहिल्या वर्षी धूर कमी केला, नंतर डागडुजीविना त्या बिघडल्या वा पडून राहिल्या आणि फायदा संपला. दोष बायांचा नाही. चूल बसवणारा माणूस पुन्हा कधी फिरकलाच नाही. आपल्याकडे धुराडे असेल तर महिन्यातून एकदा काठीला चिंधी बांधून ते साफ करा, भेगा शेणामातीने बुजवा. आणि हे काम पुरुषांनी करावे, एवढे म्हणण्याचा अधिकार मला असावा.

धुराने डास पळतात, बांबूला भुंगा लागत नाही, असे उत्तर मला नेहमी मिळते. बांबूचे खरे आहे. डासांचे अर्धे खरे आहे. गडचिरोली हा राज्यात सर्वाधिक हिवताप असलेल्या जिल्ह्यांपैकी एक, तेव्हा हा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. पण चूल विझल्यावर, मध्यरात्रीनंतर चावणाऱ्या डासाला संध्याकाळचा धूर काय करणार? त्यासाठी औषध लावलेली मच्छरदाणीच हवी. धूर बाहेर काढाल त्या दिवशी मच्छरदाणी आत बांधा.

सिगडी आणि बाळंतिणीची खोली

थंडी पडू लागली आहे, म्हणून हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. निखाऱ्यांचा धूर दिसत नाही, त्यामुळे सिगडी निरुपद्रवी वाटते. पण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि धगधगत्या निखाऱ्यांतून तो भरपूर निघतो. हा वायू रक्तातील ऑक्सिजनची जागा बळकावतो. डोके जड होते, मळमळते, झोप येते आणि दार बंद असेल तर माणूस झोपेतून उठत नाही. एकाच खोलीतील दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, उलट्या होऊ लागल्या, तर आधी दार उघडून सर्वांना बाहेर आणा, मग कारण शोधा. अशा रुग्णाला ऑक्सिजनची गरज असते, लिंबूपाणी देत बसू नका. करोनाच्या साथीपासून पुष्कळ घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. या विषबाधेत ते फसवते, आकडा चांगला दाखवते. त्यावर विसंबू नका.

बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवण्याची, ओवा-शेपा टाकून धुरी देण्याची रीत आपल्याकडे आहे. खोली बंद, अंगावर पांघरूण, कुशीत नवजात बाळ. यात बाळ गुदमरू शकते, भाजू शकते, आणि बाजेची दोरी पेटल्याची प्रकरणेही मी पाहिली आहेत. बाळाला उबेची गरज आहे, हे आजीचे म्हणणे मात्र अगदी बरोबर आहे. ती ऊब आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून, वरून कापड पांघरून, डोक्याला टोपडे आणि पायांत मोजे घालून द्यावी. शेकायचेच असेल तर सिगडी बाहेर पेटवून, धूर जाऊन निखारे लाल झाल्यावर, दार-खिडकी उघडी ठेवून बाळंतिणीला थोडा वेळ शेक द्या. बाळ त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा आणि झोपण्यापूर्वी सिगडी घराबाहेर काढा.

चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर भागांतील वाचकांसाठी एक वेगळी सूचना. तिकडे दगडी कोळशाच्या सिगड्या जळतात. घरात जाळलेल्या दगडी कोळशाचा धूर माणसात कर्करोग करतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने निश्चित मानले आहे. लाकडाच्या धुराबाबत 'बहुधा करतो' असे म्हटले आहे. कोळसा स्वस्त पडतो हे मला ठाऊक आहे. तरी सर्वांत आधी सोडण्यासारखी सिगडी हीच.

भाजण्याविषयी थोडक्यात. चुलीपुढे नायलॉनची साडी, ओढणी नको, सुती कपडा असावा. पेटत्या किंवा धुमसत्या चुलीवर रॉकेल, पेट्रोल, डिझेल कधीही ओतू नये. कपडे पेटले तर धावू नये, जमिनीवर लोळावे, दुसऱ्याने सतरंजी किंवा घोंगडी गुंडाळावी. भाजलेल्या जागेवर साधे गार पाणी वीस मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांतील काहीही लावू नये. अंगठी, बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. चिकटलेला कपडा ओढू नये. स्वच्छ कापडाने झाकून दवाखाना गाठावा. आणि सरपणाच्या ढिगात अंधारात हात घालू नये. विंचू आणि मण्यारीला ती जागा फार आवडते. आधी काठीने हलवावे, उजेड धरावा, आणि ढीग झोपण्याच्या जागेपासून दूर रचावा.

राहिला गॅस. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आपल्याकडेही दूरवरच्या पाड्यांत सिलेंडर पोहोचले. पण पुन्हा भरून आणायला पैसे आणि वाट दोन्ही लागतात. "सिलेंडर सरला तं आनाले पैसे लागते जी," हे मी रोज ऐकतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला. अशा घरांना 'सगळे गॅसवरच करा' म्हणणे सोपे, करणे कठीण. माझा सल्ला असा की वर्षात दोन-तीनच सिलेंडर परवडत असतील तर ते कधी वापरायचे हे ठरवून ठेवा. घरात गर्भवती वा वर्षाच्या आतले बाळ असताना, घरात कोणाचा दम वाढलेला असताना, आणि आषाढ-श्रावणात सरपण ओले असताना गॅस वापरा. फाल्गुन-चैत्रात, अंगणात चूल मांडता येते तेव्हा सिलेंडर विसावू द्या. आंघोळीचे पाणी गॅसवर तापवून सिलेंडर संपवू नका. ते बाहेरच्या चुलीवर, किंवा काळ्या रंगाच्या पिंपात उन्हात तापवा. चूल आणि सिलेंडर एकाच खोलीत शेजारी-शेजारी ठेवू नका.

आता गुरुजी, आपल्या आईंबद्दल. धानोऱ्याकडच्या त्या बाईंची चूल मुलाने छपरीत काढून दिली, लोहाराकडून जाळी आणली, आणि मी त्यांना गोळ्यांऐवजी ओढण्याचा पंप सुरू केला. गेलेले फुफ्फुस परत आले नाही. चढावर त्या आजही थांबतात. पण पूर्वी दर हिवाळ्यात दोनदा भरती व्हावे लागे, ते बंद झाले. आईंना चूल सोडायला सांगू नका. ती बाहेर काढायला सांगा आणि आधी छपरी तुम्ही बांधून द्या. भाकरी चुलीवर, बाकी गॅसवर, एवढी तडजोड त्या मान्य करतील असे वाटते. बाळाला मात्र आजपासूनच चुलीजवळून हलवा. आजी चुलीपुढे असेल तेव्हा बाळ दुसऱ्याच्या हातात असावे, तो दुसरा म्हणजे आपण स्वतः असलात तरी चालेल. आईंना घेऊन एखाद्या सकाळी या. येताना जुने एक्स-रे आणि सध्या चालू असलेली सर्व औषधे, रिकाम्या बाटल्यांसह, पिशवीत घेऊन या. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी आधी सरकारी दवाखान्यात करून घ्या, ती मोफत होते.